बिनशेतीचा अर्ज करण्यापूर्वी जमिनीवरील बिळांची पाहणी कशी करावी?

मलप्रभाकाठ (प्रश्न):
नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वाटेवर आमची भावकीतील सामाईक जमीन आहे. तिच्या वरच्या अंगाचा पडीक तुकडा बिनशेती करून तेथे घरांसाठी प्लॉट पाडावेत, असे सर्वांनी ठरवले आहे. या तुकड्याच्या कडेला जांभ्याचा उंचवटा असून तेथील करवंदीच्या जाळ्यांमध्ये काही मोठी बिळे आहेत. त्यांतील दोन बिळांपुढील माती ताजी उकरलेली दिसते. माझे चुलतभाऊ इंग्लंडमध्ये राहतात. त्यांनी घर वाढवण्याची परवानगी मागितली, तेव्हा तेथील स्थानिक प्रशासनाने आधी बॅजर या बिळात राहणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या तोंडाच्या प्राण्याची पाहणी करून तिचा अहवाल अर्जाला जोडण्यास सांगितले. तो अहवाल वाचल्यापासून आपल्या बिळांत काय आहे हे न पाहता जेसीबी लावणे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे अशी पाहणी बंधनकारक आहे काय? नसल्यास ती स्वतःहून कशी करावी, आणि बीळ वापरात असल्याचे आढळले तर प्लॉटचा बेत सोडूनच द्यावा लागतो काय?

निपाणीची_लेक:
मी मूळची निपाणीची. सध्या इंग्लंडमध्ये बांधकामापूर्वीच्या परिसर-पाहणीचे काम करते, म्हणून तिकडची पद्धत सविस्तर सांगते.

बॅजर हा तेथे दुर्मीळ प्राणी नाही. कुत्रे सोडून त्याला बिळातून उकरून काढण्याचा आणि झुंजवण्याचा क्रूर प्रकार पूर्वापार चालत आल्यामुळे त्याला 1992 च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण दिले आहे. त्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की प्राण्याबरोबर त्याचे बीळही संरक्षित आहे. सध्याच्या वापराच्या खुणा ज्या बिळावर दिसतात, ते परवान्याशिवाय मोडणे, बुजवणे किंवा तेथील प्राण्यांना त्रास देणे हा गुन्हा ठरतो आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

पाहणी करताना आम्ही प्लॉटची हद्द आणि तिच्याबाहेरचे साधारण 30 मीटर अंतर पायी पालथे घालतो, कारण बिळातील बोगदे तोंडापासून बरेच लांब पसरलेले असतात. बॅजरच्या बिळाचे तोंड उंचीपेक्षा रुंदीला अधिक असते, पुढे मातीचा मोठा ढीग असतो आणि त्या ढिगात अंथरुणासाठी आत नेलेल्या गवताचे जुने पुंजकेही सापडतात. काटेरी तारेला अडकलेले राठ, काळे-पांढरे केस, पाच बोटे एका ओळीत उमटलेला ठसा, रोजच्या येण्याजाण्याने पडलेली पायवाट आणि विष्ठेसाठी उकरलेले उथळ खड्डे या सर्वांची नकाशावर नोंद होते. एकाच कुटुंबाची अनेक बिळे असतात आणि त्यांतील मुख्य बीळ कोणते, यावर पुढचे सर्व निर्णय अवलंबून राहतात. ते ठरवणे अवघड झाले, तर शेंगदाणे आणि साखरेचा पाक यांत रंगीत प्लॅस्टिकचे बारीक, निरुपद्रवी कण मिसळून प्रत्येक बिळापाशी वेगळ्या रंगाचे खाद्य ठेवतात. कोणता रंग कोणत्या खड्ड्यातील विष्ठेत उतरला, यावरून कुटुंबाची हद्द कळते. मला स्वतःला या कामातील हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

बीळ आढळले म्हणून परवानगी सहसा नाकारली जात नाही. प्रथम नकाशा बदलून बीळ वाचवता येते का, हे पाहिले जाते. ते अशक्यच असेल, तर नॅचरल इंग्लंड या संस्थेकडून परवाना घेऊन बीळ बंद करतात, परंतु तेही साधारणपणे 1 जुलै ते 30 नोव्हेंबर या काळातच, कारण फेब्रुवारीच्या सुमारास जन्मलेली पिल्ले त्याआधी बिळावर अवलंबून असतात. बिळाच्या तोंडाला फक्त बाहेर उघडणारे दार लावून, 21 दिवस कोणी आत परतले नाही याची खात्री झाल्यानंतरच खोदाई होते. मुख्य बीळ जाणार असेल, तर त्याच परिसरात आधी कृत्रिम बीळ तयार करून द्यावे लागते.

भीमगडवाट:
निपाणीच्या ताईंनी सांगितलेला बॅजर आपल्या भागात आढळत नाही. त्याच कुळातील रेटेल (हनी बॅजर) हा प्राणी भारतात आहे, परंतु आपल्या वर्णनावरून मला साळिंदर किंवा खवले मांजर यांची शक्यता अधिक वाटते. कोल्हा, मुंगूस आणि घोरपड हेही तयार बिळांचा आसरा घेतात, त्यामुळे केवळ तोंडाच्या आकारावरून निष्कर्ष काढू नये.

साळिंदराच्या बिळाबाहेर गळलेले काटे आणि कुरतडलेली हाडे सापडतात. खवले मांजर दोन प्रकारची बिळे खणते. मुंग्या आणि वाळवी खाण्यासाठी केलेले उकीर उथळ असतात आणि फोडलेल्या वारुळांच्या आसपास विखुरलेले दिसतात. राहण्याचे बीळ मात्र खोल असून प्राणी आत असताना त्याचे तोंड पुष्कळदा आतून मातीने बंद केलेले असते. तोंड बुजलेले पाहून ‘हे बीळ सोडून दिलेले आहे’ असे ठरवणे, ही या प्राण्याच्या बाबतीत अत्यंत घातक समजूत आहे.

संध्याकाळी तोंडापुढे चाळलेली माती पातळ पसरावी, तोंडात दोन-तीन बारीक काड्या सैल रोवाव्यात आणि सकाळी ठसे व काड्यांची स्थिती पाहावी. हे काम काही रात्री सलग करावे. आपला पाऊस संपल्यावर जमीन ओलसर असताना ठसे स्वच्छ उमटतात. एप्रिलमध्ये जांभा दगडासारखा कठीण होतो, परंतु झुडपे विरळ झाल्यामुळे लपलेली तोंडे तेव्हाच दिसतात. म्हणून दोन्ही ऋतूंत पाहणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बिळात धूर, पाणी किंवा हात घालू नये. आणि खवले मांजर असल्याचे कळले, तर त्या ठिकाणाचे छायाचित्र किंवा खूण येथे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच टाकू नये. खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार मोठ्या प्रमाणावर होते.

निपाणीची_लेक:
हे इंग्लंडमध्येही तंतोतंत पाळले जाते. बॅजरच्या बिळांचे नकाशे प्रशासनाला दिले जातात, परंतु जनतेसाठी खुल्या असलेल्या कागदपत्रांतून ते वगळतात.

टिळकवाडी_दप्तर:
कायद्याची बाजू मांडतो. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, 1964 च्या कलम 95 खालील बिनशेतीच्या अर्जासोबत वन्यप्राण्यांच्या पाहणीचा अहवाल जोडावा लागत नाही. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, ती बांधीव क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा अधिक असेल तेव्हा. आपला तुकडा त्यात बसेल असे वाटत नाही. तरीही सर्वे नंबर वनक्षेत्र म्हणून नोंदलेला नाही ना, आणि भीमगड अभयारण्यापासून किती अंतरावर आहे, हे आधी तपासावे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या 31 जुलै 2024 च्या मसुद्यात खानापूर तालुक्यातील गावे आहेत, म्हणून गावाचे नाव तेथेही पाहावे.

महत्त्वाचा फरक असा. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याबाहेरील सस्तन प्राण्याला संरक्षण आहे, पण त्याच्या बिळाचा इंग्लंडप्रमाणे स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र आत प्राणी असताना जेसीबी चालवला आणि तो मेला, तर प्रकरण शिकारीच्या कलमापर्यंत जाऊ शकते. खवले मांजर या कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने शिक्षा तीन ते सात वर्षे कारावासाची आहे. ‘पकडून जंगलात सोडू’ हा मार्गही खुला नाही, कारण त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते.

म्हणून खोदाईपूर्वी वनक्षेत्रपालांना पत्र द्यावे, स्थळपाहणीची विनंती करावी आणि पत्राची पोच फाईलला लावावी.

मलप्रभाकाठ:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. पत्र या आठवड्यात देतो. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती मधोमध न ठेवता जांभ्याच्या उंचवट्याला लागून ठेवली, तर उपयोग होईल काय?

भीमगडवाट:
नक्कीच होईल, मात्र ती खालच्या झाडीशी जोडलेली राहिली पाहिजे. चारही बाजूंनी कंपाउंडची भिंत आली, तर आतला प्राणी अडकून पडतो. त्या बाजूला भिंतीच्या तळाशी प्राणी सहज निघेल एवढी मोकळी जागा ठेवावी, कुंपणात वीज सोडू नये आणि रस्त्यावरील दिव्यांचा झोत उंचवट्याकडे वळवू नये. वारुळेही तशीच राहू द्यावीत. उंचवट्याजवळचा रस्ता आखण्यापूर्वी पावसानंतरची पाहणी पूर्ण करावी, कारण रस्त्याची खोदाई सर्वांत आधी सुरू होते.