ताकायामा आणि पानावरचा मिसो

हिवाळ्यात जपानला जाताना तोक्यो-क्योतोला जोडून एखादं गाव घ्यावं का, असा प्रश्न पडतो. घ्याच, आणि ताकायामा या डोंगराळ भागातल्या शहराच्या बाजूचं घ्या. तिथून शिराकावा-गो हे खेडं बसने तासाभराच्या आत. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी उतरती गवती छपरं, म्हणून ती घरं 'गाश्शो-झुकुरी'. १९९५ पासून जागतिक वारसा यादीत. बर्फात देखणी दिसतात, पण गर्दी फार. आम्ही अर्ध्या दिवसात उरकलं.

जिभेची खरी चैन ताकायामात. होबा मिसो खाच! मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा), कांद्याची पात, अळंबी आणि खाली छोटीशी शेगडी. पान कडेनं करपू लागलं की असा खमंग वास सुटतो, की नुसत्या त्या मिसोबरोबर दोन वाट्या भात कधी संपला कळलं नाही. सकाळी मियागावा नदीकाठच्या बाजारात लाल सलगमचं लोणचं मिळतं, आंबटसर आणि करकरीत.

शाकाहारी असाल तर जपून. सूपमध्ये नुसता टोफू दिसला तरी त्यातला 'दाशी', म्हणजे सूपचा मूळ अर्क, बहुधा सुक्या माशाचा असतो. बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, 'शोजिन र्योरी', मात्र निर्धास्त खावं.

आणि हो, रात्रीचं जेवण लवकर उरका. आम्ही साडेआठला निघालो, सगळीकडे दारं बंद. शेवटी कोनबिनीतल्या (रात्रीही उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या) ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, भागवलं.