बी२ ला पोचल्यावर शब्दयाद्या पाठ करणं थांबवावं का?

पाटीपेन्सिल

इंग्रजी पेपरातला अग्रलेख समजतो, ऑफिसची मेल नीट लिहिता येते, पण घरातलं-रस्त्यावरचं साधं काही बोलायचं म्हटलं की अडायला होतं, अशा मंडळींसाठी हा धागा. भाषा किती येते ते ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांत मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीवर याला बी२ म्हणतात.

माझं मत असं की या टप्प्यावर 'रोज दहा नवे शब्द' हा नेम सोडून द्यावा. 'युबिक्विटस' आणि 'मेटिक्युलस' पाठ असतात, पण दूध उतू गेलं हे सांगता येत नाही. अवघड शब्दांची टंचाई नसतेच. ओळखीच्या शब्दांचे निम्मे उपयोग मात्र माहीत नसतात.

'रन' घ्या. क्रिकेटमुळे 'रन आऊट' पोरासोरांना ठाऊक आहे. तरी साखर संपली की तोंडून 'शुगर इज फिनिश्ड' निघतं, 'वुई हॅव रन आऊट ऑफ शुगर' निघत नाही. नळ चालू राहिला, नाक वाहतंय, धुण्यात एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला, रस्त्यात अचानक कुणाची गाठ पडली, यायला उशीर होतोय: या सगळ्याला इंग्रजीत 'रन'च लागतं. तीच गत 'पुट'ची. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' येतात, कारण शाळेत समानार्थी शब्द तसेच शिकवले. बोलताना माणसं 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आऊट' म्हणतात.

म्हणून आठवड्याला एकच क्रियापद घ्यावं. 'गेट', 'पुट', 'टेक', 'रन', 'टर्न', 'कम', 'गो', 'कीप' अशी पंधरा-वीस पुरतात. शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडून त्यातले बोलण्यात येणारे दहा-बारा उपयोग निवडावेत आणि प्रत्येकावर आपल्या दिवसातलं एक खरं वाक्य मोठ्याने म्हणावं. चार महिन्यांत बोलणं ओळखू येणार नाही इतकं सुटसुटीत होतं.

गोदाकाठ

क्रियापदांचं म्हणणं पटलं, पण 'नवे शब्द थांबवा' हे अजिबात नाही.

शब्दसंपत्तीचे अभ्यासक, न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशोब बघा. मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवे असतील तर लिखित इंग्रजीसाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, बोललेल्या इंग्रजीसाठी सहा ते सात हजार. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. बी२ वाल्याच्या गाठीशी साधारण चार हजारांच्या आतबाहेर असतात. पंधरा-वीस क्रियापदं कितीही घासूनपुसून लख्ख केली तरी मधले दोन-तीन हजार शब्द आपोआप उगवणार नाहीत.

शब्द पाठ करायची दोन बाजूंची कार्डं फसतात ती बहुतेक वेळा चुकीची बनवल्यामुळे. एका बाजूला 'रिलक्टंट', दुसऱ्या बाजूला 'अनिच्छुक' हे निकामी कार्ड आहे. पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य आणि त्यात गाळलेली जागा हवी: 'ही वॉज ... टु लेंड मी हिज बाइक', खाली मराठीत इशारा: द्यायला तयार होता, पण मनापासून नाही. मागे शब्द, उच्चार आणि त्याच्यापुढे 'टु' येतं ही खूण. शब्द आठवून म्हणावा लागतो, नुसता ओळखून भागत नाही. एका कार्डावर एकच अर्थ. दोन अर्थ कोंबले की एक आठवतो, दुसरा निसटतो आणि कार्ड सारखं परत येत राहतं.

दुसरी चूक प्रमाणाची. अँकी या कार्डांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये सुरुवातीलाच रोज २० नवी कार्डं ठरवलेली असतात. नव्या कार्डांच्या सात ते दहापट उजळणी रोज अंगावर येते, म्हणजे दीडशे ते दोनशे. महिन्याभरात माणूस कंटाळून सोडतो आणि दोष पद्धतीला देतो. सहा-सात ठेवा. तेच कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर खूण करतं. तेच घोकत बसायच्या भानगडीत पडू नका, नवं वाक्य घेऊन नवं कार्ड करा.

आडवाटा

दोघांचंही शब्द सुटे काढून शिकण्यावर फार प्रेम दिसतंय. शब्द वाचनातच मुरतो. कार्डावर 'हेवी' म्हणजे जड एवढं कळेल. 'हेवी रेन', 'हेवी ट्रॅफिक', 'हेवी स्मोकर', पण चहा मात्र 'स्ट्राँग', ही जोडगोळी पानोपानी भेटत राहिल्याशिवाय जिभेवर बसत नाही.

वाचनाने शब्द वाढायला जन्म जातो असं म्हणतात, तर हिशोबच मांडू. वापराच्या क्रमवारीत पाच हजाराच्या आसपासचा शब्द दहाएक वेळा भेटायला साधारण दहा लाख शब्द वाचावे लागतात. मिनिटाला १५० शब्दांच्या बेताच्या वेगाने रोज ४० मिनिटं वाचलं तर हे साडेपाच महिन्यांत होतं. दहा-बारा कादंबऱ्या. एवढ्या वेळात तो एकटाच शब्द नाही, त्याच्या आगेमागेचे शेकडो शब्द त्यांच्या सोबत्यांसकट भेटलेले असतात.

फक्त अग्रलेख वाचू नका. त्यात रोजचं इंग्रजी जवळपास नसतंच. संवाद भरपूर असलेल्या आजच्या काळातल्या कादंबऱ्या, मुला-किशोरांसाठीची पुस्तकं, पाककृती, दुरुस्तीची माहिती, ग्राहकांचे अभिप्राय हे वाचा. बादली कुठे गळते आणि झाकण का बसत नाही हे अभिप्रायांत लोक साध्या, जिवंत इंग्रजीत लिहितात.

गोदाकाठ

@आडवाटा, गणित बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: अडलेला शब्द संदर्भावरून कळेल. ९८ टक्के म्हणजे पन्नासात एक शब्द अनोळखी, तेव्हा अंदाज बरा लागतो. बी२ वाला साधी कादंबरी उघडतो तेव्हा वीसात एक अडतो, म्हणजे ओळीआड एक. अंदाजावर अंदाज बसतो आणि चुकीचा अर्थ पक्का होतो. पातळीनुसार सोपी केलेली पुस्तकं आहेत, पण त्यांच्या बहुतेक मालिका अडीच ते चार हजार शब्दांवर संपतात. खरी दरी तिथूनच सुरू होते आणि तेवढ्या पट्ट्यात कार्डांना पर्याय नाही.

उंबरठा

इतकी चर्चा झाली, पण शब्द निवडायचे कुठून यावर सगळे इंग्रजीकडूनच निघाले आहेत. मराठीकडून निघा. दिवसभरात जे मराठीत सहज म्हणतो आणि इंग्रजीत म्हणता येणार नाही, तेच टिपायचं. स्वयंपाकघर ते मोरी अशी एक फेरी मारली तरी वही भरते: नळ ठिबकतोय, मोरी तुंबली, सुरी बोथट झाली, चेन अडकली, पोळ्या वातड झाल्या, पायाला मुंग्या आल्या, ठसका लागला, पाय मुरगळला. यातलं एकही वाक्य कुठल्या शब्दयादीत शोधून सापडणार नाही, आणि परदेशी राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात लागतं ते हेच.

मग यंत्राने भाषांतर करून थांबू नये, तिथे घात होतो. मुंग्यांचं शब्दशः भाषांतर केलं तर ऐकणारा पायावर खरोखरच्या मुंग्या शोधेल. इंग्रजीत पाय 'झोपतो', 'माय फूट हॅज गॉन टु स्लीप'. ठसक्याला नेमकं नाम शोधत बसण्यापेक्षा 'इट वेंट डाऊन द राँग वे' हे अख्खं वाक्यच उचलायचं. मिळालेलं वाक्य शिकणाऱ्यांच्या कोशात आहे का बघावं, मग यूग्लिशवर (यूट्यूबच्या व्हिडिओंत तो शब्द कुठे बोलला गेला ते ऐकवणारी साइट) टाकून खऱ्या माणसांच्या तोंडून चार-पाच वेळा ऐकावं. तिथे एकही नमुना निघाला नाही तर ते वाक्य सोडून द्यावं.

मोरपंखी

मला मूळ मुद्द्यावरच आक्षेप आहे. 'शुगर इज फिनिश्ड' पुण्या-मुंबईच्या ऑफिसात प्रत्येकाला कळतं. तिथे काम करणाऱ्याने ब्रिटिश घरगुती बोली कशाला शिकायची? त्याला बैठकीत मुद्दा खोडायचा असतो, मुदत वाढवून मागायची असते. त्याने आपला वेळ तिथल्या शब्दांना द्यावा. शिवाय भाषेच्या बऱ्याच स्पर्धा परीक्षांत समानार्थी शब्द आणि 'अनेक शब्दांबद्दल एक शब्द' विचारतात. तिथे यादीच कामाला येते.

पाटीपेन्सिल

@मोरपंखी, परीक्षेसाठी यादी करा, त्याला ना नाही. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या बोलण्याच्या चाचणीत शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण असतात, आणि सात बँडच्या (नऊपैकी सात श्रेणीच्या) निकषात कमी रुळलेल्या शब्दांच्या बरोबरीने रूढ वाक्प्रयोग आणि शब्दांच्या जोड्यांची जाणही बघतात. पाठ केलेला जड शब्द चुकीच्या जोडीत बसवला की फायदा जातो.

आणि भारतीय इंग्रजी चुकीचं नाही, पण कुठे चालतं हे ठाऊक हवं. 'आय पास्ड आऊट इन २०१९' इथे पदवी मिळाल्याचं सांगतं. लंडनमध्ये ऐकणाऱ्याला वाटेल माणूस बेशुद्ध पडला होता. 'प्रीपोन' बाहेर कळेलच असं नाही. बैठकीतली भाषासुद्धा याच क्रियापदांवर चालते. मुदत वाढवून मागताना 'कॅन वुई पुश इट बॅक अ वीक?' म्हणतात, मुद्दा मांडताना 'ब्रिंग अप', शंका असेल तर 'लुक इनटू'.

@गोदाकाठ, वाक्यातली गाळलेली जागा पटली. माझी क्रियापदंही त्याच साच्यात घालता येतील. पण रोज सहा-सात नवे शब्द कुठल्या क्रमाने घ्यायचे? क्रमवारीची यादी घेतली की परत 'मेटिक्युलस'च येणार.

गोदाकाठ

येणार नाही, यादी नीट निवडली तर. ऑक्सफर्डच्या ३००० शब्दांच्या यादीत ए१ ते बी२ येतात, २०१९ मध्ये जोडलेले पुढचे २००० बी२-सी१ चे आहेत. आधी ३००० वर झरझर खुणा करा. अर्थ कळतो पण वाक्यात वापरता येत नाही असे शेकड्यांनी सापडतील. पहिली कार्डं त्यांची, मग उंबरठा यांच्या वहीची, आणि पुढचे २००० सगळ्यात शेवटी.

@उंबरठा, तुमच्या पद्धतीत एक धोका आहे. एकाच खोलीतली भांडी किंवा एकाच जातीची दुखणी एका दमात शिकू नयेत. टिंकहॅम या संशोधकाने १९९३ मध्ये दाखवलं होतं की एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकले तर उलट जास्त वेळ लागतो, ते एकमेकांत गुंततात. 'स्ट्रेन' (स्नायू ताणला जाणं) आणि 'स्प्रेन' (सांधा मुरगळणं) एकाच दिवशी घेतले की दोन्ही कायमचे डळमळीत.

उंबरठा

बरोबर. वही खोलीवार भरायची, शिकायची मात्र पानं विस्कटून: एक शब्द मोरीतला, एक कपड्यांचा, एक आजाराचा, एक प्रवासातला. जुळ्यांपैकी एक पक्का झाला की मग दुसरा, मध्ये दोनेक आठवडे तरी जाऊ द्यावेत. आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी इशाऱ्याऐवजी जमेल तिथे चित्र चिकटवावं. चिमटा, झारा, गाळणी यांना चित्रासारखी खूण नाही.