मदत हवी आहे: फिरत्या फोनचं नेटवर्क लॅबमध्ये कसं उभं करायचं?

नमस्कार मंडळी, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप तपासतोय. लिनक्सच्या नेटएमने (netem, नेटवर्क मुद्दाम बिघडवणारं साधन) १०० मिलिसेकंद डिले (उशीर) आणि २ टक्के लॉस (पॅकेट गळती) लावला तरी अ‍ॅप मजेत चालतं. खऱ्या फोनवर मात्र टॉवर बदलला की चित्र गोठतं. साहजिकच म्हणा, रेडिओवर पॅकेट एकेक करून नाही, झुंडीने गळतात. नेटएममधलं, अशी झुंडीची गळती घडवणारं गिल्बर्ट-इलियट मॉडेलही लावलं, पण त्यात फक्त लॉस बदलतो, बँडविड्थ जागची हलत नाही. शिवाय जिटर (उशीरातला चढउतार) वाढवला की पॅकेटांचा क्रमच उलटसुलट होतो, तो वेगळा ताप.

अ‍ॅप जसंच्या तसं चालवायचंय, म्हणून सगळं नुसतं गणितात चालवणारा निव्वळ सिम्युलेटर नको. मिनिनेट-वायफाय (Mininet-WiFi) किंवा ईमेन (EMANE) हे खरं अ‍ॅप चालवू देणारे वायरलेस एम्युलेटर कुणी वापरलेत का? हँडओव्हरचा, म्हणजे टॉवर बदलतानाचा, खंड कशात नीट उतरतो? की फोनवर ट्रेस (खऱ्या नेटवर्कची नोंद) घेऊन ती माहीमाही (Mahimahi) या साधनात पुन्हा चालवणं बरं?