अंदमानातील जपानी बंकर जतन करावेत का?

चर्चाप्रस्ताव

पोर्ट ब्लेअरला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतो. मात्र कॉर्बिन्स कोव्ह या समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवरील बुटक्या काँक्रीट बंकरांपाशी क्वचितच थांबतो. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात ही बेटे जपानी लष्कराच्या ताब्यात होती आणि बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती फट ठेवलेले हे बंकर त्या ताब्याचा उघड्यावर उभा असलेला पुरावा आहेत. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील शंभर वर्षांची अट पाळायची तर २०४२ पर्यंत थांबावे लागेल. १९०६ मध्ये बांधून झालेले सेल्युलर जेल मात्र १९७९ मध्येच राष्ट्रीय स्मारक झाले, तेव्हा शतक भरण्याची वाट न पाहता बंकरांनाही संरक्षण द्यावे.

प्रतिसाद १

मला हे मान्य नाही. ३० जानेवारी १९४४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंज येथे जपान्यांनी हेरगिरीचा आळ घेऊन ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्याआधी दोनच आठवडे पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाणसिंग कालेपाणी यांनी जपान्यांच्या छळामुळे सेल्युलर जेलमध्ये प्राण सोडला होता. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी येथे तिरंगा फडकवला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. महिन्याभरात घडलेले हे हत्याकांड मात्र ठाऊक नसते. मारेकऱ्यांच्या बंदुकांचा आडोसा डागडुजी करून उभा ठेवण्यापेक्षा तोच पैसा त्या ४४ जणांची नावे आणि त्यांच्या वारसांच्या आठवणी नोंदवण्यावर खर्च व्हावा.

प्रस्तावकाचे उत्तर

जेलही छळ करणाऱ्या इंग्रजांनीच बांधले होते. त्याचा उरलेला भाग आपण जपला, कारण भिंत समोर असली की अत्याचार नाकारता येत नाही. हम्फ्रीगंजची हकिकत याच बंकरांपाशी लिहून लावली, तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे प्रत्युत्तर

जेलमध्ये बंदिवानांचे आयुष्य गेले, म्हणून ती वास्तू त्यांची झाली. बंकरात फक्त शिपाई बसत असे. विमानांच्या धावपट्टीसाठी जपान्यांनी ज्या बेटवासीयांना वेठीला धरले, त्यांच्या वंशजांना काय हवे, हे आधी विचारा.

प्रतिसाद २

वंशजांना विचारायलाच हवे, पण तोवर गंज थांबणार नाही. प्रत्येक बंकरची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे आताच घ्यावीत. रस्त्यालगतचे भक्कम बंकर दुरुस्त करावेत. लाटांच्या माऱ्यात सापडलेल्यांवर खर्च करू नये.