कोलोरॅडोतल्या डेन्व्हर-बोल्डर भागात आई-बाबांना नेता येतील अशा सपाट पायवाटा: माळरान, ओढे, जलाशय

पूर्वाई

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून दीड महिन्यासाठी येताहेत. दोघंही सत्तरीच्या आसपास. रोज तासभर सपाटीवर चालायची सवय आहे, पण बाबांचा गुडघा उतारावर दुखतो. सोबत दोन वर्षांचा मुलगा स्ट्रोलरमध्ये, आणि जमलं तर कुत्रासुद्धा. डोंगरातल्या प्रसिद्ध वाटा नको आहेत. माळरान, ओढा, तळं असं काहीतरी हवं, चार-पाच किमीच्या आत आणि डेन्व्हरला लागून असलेल्या आमच्या ऑरोरापासून गाडीने पाऊण-एक तासाच्या टप्प्यात. स्वच्छतागृह हवंच. शोधायला गेलं की सगळीकडे 'सोपी वाट' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही.

माळटिटवी

'सोपी' हे फक्त चढावरून ठरवलेलं असतं. इथल्या माळावर माणूस चढाने दमत नाही, उन्हाने दमतो. झाड नाही, उंची १,६०० मीटर, आणि हवा इतकी कोरडी की घाम आला तरी जागच्या जागी वाळतो. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून वाट निवडताना अंतराआधी दोन गोष्टी पाहा: सावली किती, आणि मधूनच परत फिरता येतं का. ओढ्याकाठी कॉटनवुड या मोठ्या झाडांची सावली मिळते. जलाशयाला वळसा घालणाऱ्या वाटेवर ती जवळपास नसते, आणि निम्मी फेरी झाल्यावर मागे वळलं काय, पुढे गेलं काय, अंतर तेवढंच. ऑरोरा जलाशयाची साडेतेरा किमीच्या आसपासची पक्की फेरी यासाठीच तुमच्या यादीतून काढून टाका. सपाट आहे हे खरं, पण ती सायकलवाल्यांची वाट आहे.

तुमच्यासाठी माझा क्रम असा.

पहिली चेरी क्रीक स्टेट पार्क, तुमच्या घराजवळचीच. जलाशयाच्या दक्षिणेला ओढा जिथे आत येतो तिथे पाणथळ आणि कॉटनवुडची दाटी आहे. उद्यानातून जाणारी मुख्य वाट काँक्रीटची आहे, स्ट्रोलर सहज जातो. पोहण्याच्या किनाऱ्याजवळ आणि सहलीच्या जागांपाशी स्वच्छतागृहं आहेत. शनिवार-रविवारी उन्हाळ्यात उद्यान भरलं की फाटक काही वेळ बंद करतात, तेव्हा नऊच्या आत पोचा. प्रवेश शुल्क गाडीमागे असतं, माणशी नाही.

दुसरी बोल्डरची साउथ बोल्डर क्रीक वाट, बेसलाइन रोडवरच्या बॉबोलिंक थांब्यापासून, म्हणजे गाडी लावून वाट सुरू होते तिथून. इथे ओढ्याला लागून मातीची पायवाट आणि तिला समांतर पक्की वाट अशा दोन आहेत. स्ट्रोलर पक्क्या वाटेने, आई-बाबा मातीच्या वाटेने, आणि सगळे नजरेच्या टप्प्यात. बिग ब्लूस्टेमसारख्या उंच गवताचे तुकडे या ओल्या कुरणांत अजून टिकून आहेत. डेन्व्हरभोवतीच्या बाकी माळावर ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास ही बुटकी गवतं दिसतात, त्यामुळे फरक लगेच कळतो. थांब्यावर गाड्यांना जागा कमी आहे. ईस्ट बोल्डर कम्युनिटी सेंटरकडूनही या वाटेवर येता येतं आणि ते उघडं असेल तर स्वच्छतागृहाची चिंता मिटते.

तिसरी रॉकी माउंटन आर्सेनल नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे वन्यजीव अभयारण्य, कॉमर्स सिटीत. प्रवेश मोफत. लेक मेरीभोवतीची छोटी फेरी सगळ्यांना झेपेल. जोर असेल तर शेजारच्या लेक लाडोराला वळसा घालायचा, पण सकाळी लवकर. कुत्रा घरी ठेवावा लागेल, तिथल्या वाटांवर पाळीव प्राण्यांना मनाई आहे.

ओढ्याकाठी

माळटिटवी, क्रमाला हरकत नाही, पण आर्सेनलचं अर्धं सांगितलंत. आई-बाबांसाठी तिथली खरी गंमत गाडीतून आहे. सुमारे १८ किमीचा वाइल्डलाइफ ड्राइव्ह बायसनच्या, म्हणजे अमेरिकी रानगव्यांच्या कुरणातून जातो. त्या भागात गाडीतून उतरायचं नाही. २००७ मध्ये मोंटानातून आणलेल्या छोट्या कळपापासून इथला कळप वाढला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, इथे रासायनिक अस्त्रं बनायची, नंतर कीटकनाशकं. साफसफाई २०१० मध्ये पूर्ण झाली. तळ्यात मासे धरून परत सोडायची परवानगी आहे, खायची नाही, ती याच इतिहासामुळे. दुपारी ऊन चढलं की चालणं सोडून हा ड्राइव्ह करा.

यादीत एक भर: कॅसलवुड कॅन्यन स्टेट पार्क, फ्रँकटाउनजवळ. नाव दरीचं असलं तरी पूर्वेकडच्या फाटकातून गेलात तर कॅन्यन व्ह्यू नेचर ट्रेल ही दोनेक किमीची पक्की वाट दरीच्या काठाकाठाने जाते. चाकाची खुर्ची जाते तिथे स्ट्रोलर जाणारच. खाली वाहतो तो हाच चेरी क्रीक. १८९० मध्ये त्यावर बांधलेलं धरण ३ ऑगस्ट १९३३ ला मध्यरात्रीनंतर फुटलं आणि लोंढा थेट डेन्व्हरमध्ये शिरला. पुढे १९५० मध्ये शहराच्या वेशीवर जे पूरनियंत्रणाचं धरण पूर्ण झालं, तोच तुमचा चेरी क्रीक जलाशय. दोन्ही जागा दोन वेगळ्या दिवशी दाखवल्या तर बाबांना गोष्ट जुळवायला मजा येईल. मात्र धरणाचे अवशेष जवळून पाहायचे तर दगडी उतार आहे, गुडघ्यासाठी ते टाळा. ही जागा दोन हजार मीटरच्या आसपास आहे, तेव्हा आल्याच्या पहिल्या आठवड्यात नको.

पासचं एक ध्यानात ठेवा. गाडीच्या नोंदणीसोबत 'कीप कोलोरॅडो वाइल्ड' पास घेतला असेल तर तो राज्याच्या उद्यानांत चालतो, नोंदणीचं कार्ड गाडीत असू द्या. लेकवुडचं बेअर क्रीक लेक पार्क मात्र शहराचं आहे, तिथे हा पास चालत नाही आणि फाटकावर वाद घालून उपयोग होत नाही.

पूर्वाई

दोघांचेही आभार. स्ट्रोलर जॉगिंगचा आहे, हवेचे टायर. चालेल ना? आणि साप, वीज याबद्दल आई आत्तापासूनच विचारतेय.

सराटा

हवेचे टायर असतील तर नावाप्रमाणे मीच उत्तर देतो. इथे ज्याला गोटहेड म्हणतात तो आपल्याकडचाच सराटा, गोखरू. वाटेच्या कडेला, गाड्या लावायच्या जागेच्या खडीत पसरतो. जूनमध्ये वेल हिरवी असते, खरा त्रास जुलैअखेरपासून, काटे वाळले की. नळीत पंक्चररोधक द्रव आधीच भरून घ्या, किंवा भरीव फोमची चाकं बसवा. काटा दिसला की वाटेतच उपटू नका, तोच बूच असतो. गाडीपाशी आल्यावर काढा. कुत्र्याचे पंजे दर थांब्याला तपासा, लंगडायला लागला की बहुतेक हेच कारण.

साप: प्रेअरी रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेले विषारी साप आहेत, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. सकाळी आणि संध्याकाळी उबदार काँक्रीटवर येऊन पडतात, म्हणजे नेमके तुम्ही चालणार त्या वेळी. वाटेच्या मधून चाला, गवतात पाय टाकू नका, कानात काही घालू नका, आणि मुलाला स्ट्रोलरमधून उतरवाल ते मोकळ्या जागी. दिसला तर मागे सरा आणि त्याला जाऊ द्या. बुलस्नेक फुत्कारतो, शेपटी आपटतो, पण त्याला खुळखुळा नसतो आणि तो बिनविषारी आहे. ओळख पटवायला जवळ जायचं काही कारण नाही. दंश झालाच तर अंगठी-घड्याळ काढा, हालचाल थांबवा, ९११ ला फोन करा. चिरणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही करू नका.

गोचिड्या उंच गवताच्या टोकाला असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांच्या मुळाशी पाहा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल, काडेपेटी हे घरगुती उपाय नकोत.

माळटिटवी

विजेचं मी सांगते, कारण जूनमध्ये सापापेक्षा तिचीच भीती जास्त.

दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सकाळ निरभ्र, दुपारच्या सुमाराला पश्चिमेच्या डोंगरांवर ढग, मग ते सरकत माळावर. जून हा गारांचाही महिना आहे. सहा-साडेसहाला चालायला सुरुवात आणि दहाला गाडीत, हे वेळापत्रक पाळलं तर ऊन आणि वीज दोन्ही चुकतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचेल एवढ्या अंतरावर आहे. सपाट माळावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, त्यामुळे एकट्या झाडाखाली किंवा पाण्याकाठी थांबू नका. सहलीची उघडी शेड सुरक्षित नाही, काचा बंद केलेली गाडी आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मगच बाहेर या. कॉटनवुडच्या फांद्या वाऱ्यात सहज मोडतात, त्यामुळे वादळी वाऱ्यात ती सावलीही सोडायची. जूनमध्ये या झाडांचा कापूस हवेत उडतो. तो पाहून आई घाबरली तर सांगा, साधा कापूस आहे.

पाणी तासाला माणशी अर्धा लिटर, बाबांना रक्तदाबाची गोळी असेल तर किती प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-तीन दिवस २ किमीच्या वर नको. विमानाचा थकवा आणि विरळ हवा एकदम येतात.

आता कुत्रा. साउथ बोल्डर क्रीकची वाट साउथ बोल्डर रोडच्या दक्षिणेला गेली की त्याला मनाई आहे, गुरंही चरत असतात. उत्तरेकडच्या भागात पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, त्यामुळे दोरी आखूडच ठेवा आणि फलकावरचे त्या हंगामाचे नियम वाचा. प्रेअरी डॉग या माळावरच्या खारीसारख्या प्राण्यांच्या बिळांपाशी त्याला हुंगू देऊ नका, त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरतो. मेलेला प्राणी दिसला तर लांबून जा. आणि जुलैनंतर जलाशयाच्या काठाला पोपटी, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते निळं-हिरवं शेवाळ समजा. ते पाणी प्यायलेला कुत्रा काही तासांत दगावू शकतो. त्याच्यासाठी पाणी घरूनच न्या. काठाला तहानलेला नेऊन मग आवरणं कठीण जातं.

ओढ्याकाठी

गारा पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मातीच्या वाटा टाळा. चिकणमाती बुटाला आणि स्ट्रोलरच्या चाकाला थरावर थर चिकटते, आणि चिखल चुकवायला लोक गवतातून गेले की वाट रुंदावत जाते. त्या दिवशी चेरी क्रीकचं काँक्रीटच बरं.