कॉन्टॅक्ट्सचं एपीआय अजून किती वेळा बदलणार? (चर्चा)

निळीशाई
फोनमधले कॉन्टॅक्ट्स वाचणारी अ‍ॅप्स जे सांभाळतात त्यांच्यासाठी हा विषय काढतोय. माझं मत स्पष्ट आहे, ही यादी वाचायची पद्धत, म्हणजे एपीआय (ज्या ठरलेल्या कॉलनी अ‍ॅप सिस्टीमकडे माहिती मागतं ते), इतक्यांदा बदलली गेलीय की दोन-तीन जणांच्या टीमला नवीन काही करायला वेळच उरत नाही, आहे ते चालू ठेवण्यातच सगळा जीव जातो. माझं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स सर्व्हरशी सिंक करतं (दोन्हीकडची यादी जुळती ठेवतं) आणि युजर त्यांना स्वतःची टिपणं जोडतो.

बघा ना. अँड्रॉइडचं सुरुवातीचं कॉन्टॅक्ट्स प्रोव्हायडर (यादी साठवून अ‍ॅप्सना देणारा सिस्टीमचा भाग) एकाच अकाउंटच्या हिशोबाने बनवलेलं होतं, २००९ मध्ये २.० आलं आणि ते बाजूला सारून कॉन्टॅक्ट्सकॉन्ट्रॅक्ट आणलं, आता एका माणसाच्या तीन पातळ्या, वर कॉन्टॅक्ट, त्याखाली रॉ कॉन्टॅक्ट (एकेका अकाउंटमधली त्याची नोंद), त्याखाली डेटाच्या ओळी (नंबर, ईमेल वगैरे). २०१५ ला अँड्रॉइड ६.० मध्ये परवानगी इन्स्टॉलच्या वेळी न मिळता अ‍ॅप चालू असताना मागायची झाली. त्याच वर्षी आयओएस ९ ने जुनं अ‍ॅड्रेसबुक डेप्रिकेट केलं, म्हणजे चालतं पण यापुढे वापरू नका. पुढच्या वर्षी आयओएस १० मध्ये कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत ते वाक्य इन्फो पीलिस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) नसेल तर अ‍ॅप सरळ क्रॅश. २०१९ ला आयओएस १३ ने नोट फील्ड (कॉन्टॅक्टखाली लिहायची टीप) वेगळ्या मंजुरीशिवाय बंद केलं. गूगलचं जुनं कॉन्टॅक्ट्स एपीआय १९ जानेवारी २०२२ ला बंद, त्याच्या जागी पीपल एपीआय. आणि २०२४ ला आयओएस १८ मध्ये वापरणारा म्हणू शकतो की या अ‍ॅपला माझे फक्त एवढेच कॉन्टॅक्ट्स दिसू देत.

यातल्या किती बदलांनी तुमच्या-माझ्या अ‍ॅपमध्ये एखादी नवीन सोय आली? बदल करायचाय तर करा पण एपीआयचे जुने कॉल निदान पाच-सात वर्षं जसेच्या तसे चालले पाहिजेत.

तिसरा_कंस
पूर्ण असहमत. तुम्ही जी यादी दिलीत ती मी उलटीकडून वाचतो. त्यातला जवळपास प्रत्येक बदल या एका गोष्टीमुळे झालाय की त्या यादीतली माणसं तुमची युजर नाहीत. माझा नंबर माझ्या मित्राच्या फोनमध्ये आहे, मित्राने कुठल्यातरी अ‍ॅपला 'अलाउ' केलं, मला कुणी विचारलं?

२०१२ च्या फेब्रुवारीत पाथ नावाच्या अ‍ॅपचं प्रकरण झालं ते आठवत असेल, न विचारता लोकांची अख्खी अ‍ॅड्रेस बुकं सर्व्हरवर चढवत होतं. तेव्हा आयओएसवर कॉन्टॅक्ट्ससाठी विचारायची पद्धतच नव्हती, त्याच वर्षी आयओएस ६ मध्ये ती आली. म्हणजे आधी गैरवापर झाला आणि मग कुलूप लागलं. नोट फील्डचंही तेच, लोक तिथे गेटचे कोड लिहितात, आजारपणं लिहितात, कधी पासवर्डसुद्धा. ते कुठल्याही अ‍ॅपला आपसूक का मिळावं? आणि जुने कॉल सात वर्षं तसेच चालू ठेवायचे म्हणजे ते भोकही सात वर्षं तसंच ठेवायचं.

रात्रीचा_बिल्ड
दोघांचंही वाचलं. तत्त्वाचं तुम्ही बघा, मी रोज बग सोडवतो म्हणून सांगतो, कॉन्टॅक्ट्सचे जे बग 'एपीआय बदललं' म्हणून येतात त्यातले खूप तर एपीआय अजिबात न बदलताही आले असते.

उदाहरण घ्या. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टचा आयडी (नोंदीचा क्रमांक) अ‍ॅपने आपल्या डेटाबेसमध्ये साठवलेला असतो आणि काही महिन्यांनी चुकीच्याच माणसाचं नाव दिसायला लागतं किंवा काहीच सापडत नाही. तो आयडी कायमचा आहे असं कुणी कधी सांगितलेलंच नाही. दोन अकाउंटमधले रॉ कॉन्टॅक्ट्स एकत्र होतात, सुटतात, पुन्हा सिंक होतात, त्यात वरच्या ओळीचा आयडी बदलतो. 'लुकअप की' (आयडी बदलला तरी तोच कॉन्टॅक्ट शोधून देणारी खूण) त्यासाठीच दिलीय, ती आणि आयडी दोन्ही साठवा आणि त्यांपासून बनणाऱ्या लुकअप यूआरआयवरून (पत्त्यावरून) शोधा.

दुसरं, डुप्लिकेटची तक्रार. नव्वद टक्के वेळा कुणीतरी रॉ कॉन्टॅक्ट्सवर क्वेरी मारून ते थेट स्क्रीनवर दाखवलेले असतात, एकच माणूस दोन अकाउंटमध्ये असला की दोनदा येणारच.

तिसरं, वाचायची परवानगी मिळाली म्हणजे लिहायचीही मिळाली असं धरून चालणं. अँड्रॉइड ८.० च्या आधी एका ग्रुपमधली एक परवानगी दिली की मॅनिफेस्टमधल्या (अ‍ॅपला काय लागतं ते लिहिलेल्या फाइलमधल्या) त्या ग्रुपच्या बाकीच्या पण मिळून जायच्या. ८.० पासून प्रत्येक मागावी लागते, सिस्टीम परत डायलॉग न दाखवता देऊन टाकते पण मागायला तर हवी, नाही मागितली की सिक्युरिटी एक्सेप्शन, म्हणजे परवानगी नसल्याची एरर.

आयओएसवर तर सगळ्यात जास्त दिसणारा क्रॅश म्हणजे जे फील्ड फेच करताना (कॉन्टॅक्ट आणताना) मागितलंच नाही ते वाचायला जाणं. नाव दाखवायला फक्त पहिलं नाव आणि आडनाव मागवतात आणि मग फॉर्मॅटरला (पूर्ण नाव जुळवून देणाऱ्या भागाला) देतात, त्याला मधलं नाव, उपाधी, कंपनी असं बरंच लागतं, तिथे उडतं. फॉर्मॅटर स्वतःच सांगतो त्याला कुठल्या कीज (फील्डची नावं) हव्यात, ती यादी म्हणजे डिस्क्रिप्टर, तो मागून घ्या, संपला विषय.

निळीशाई
@रात्रीचा_बिल्ड हे सगळं मान्य आहे पण तुमची तिसरीच गोष्ट बघा, ८.० च्या आधी चालत होतं आणि नंतर नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.

@तिसरा_कंस गोपनीयतेला माझा विरोध नाही हो. पण पीपल एपीआयमध्ये गोपनीयतेचा काय संबंध? जुनं एक्सएमएलवर चालायचं, नवीन जेसनवर (दोन्ही माहिती लिहून पाठवायच्या पद्धती). आता प्रत्येक वेळी कुठली फील्ड हवीत त्याचा मास्क द्यायचा, नाही दिला की एरर. अपडेट करताना आधीचा ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) पाठवायचा, मधे दुसऱ्या कुणी बदल केला असेल तर रिक्वेस्ट फेल, परत वाचा, परत जोडा, परत पाठवा. एकाच युजरचे बदल एकापाठोपाठ पाठवायचे, एकदम पाठवायचे नाहीत. ज्याने जुन्यावर सिंक लिहिलं होतं त्याला नुसता पत्ता बदलून भागलं नाही, सिंकच नव्याने लिहावं लागलं.

तिसरा_कंस
संबंध आहे. जुन्या एपीआयमध्ये एक परवानगी घेतली की सगळं यायचं. पीपल एपीआयमध्ये 'अदर कॉन्टॅक्ट्स', म्हणजे ज्यांना तुम्ही नुसती एकदा मेल केलीय म्हणून आपोआप साठलेली माणसं, त्यांच्यासाठी वेगळा स्कोप (परवानगीचा प्रकार) आहे आणि तो फक्त वाचायचा. मास्कचंही तेच, वाढदिवस नको असेल तर वाढदिवस येतच नाही. ईटॅगचं म्हणाल तर तो नसता तर तुमच्या अ‍ॅपने दुसऱ्या फोनवरून केलेला बदल गुपचूप पुसला असता, युजरला कळलंही नसतं की नंबर कुठे गेला. मला तरी एरर आलेली बरी.

मूळ प्रश्न असा की अ‍ॅपला अख्खी यादी लागतेच कशाला? एका माणसाला आमंत्रण पाठवायचंय, पिकर (युजरला यादीतून माणूस निवडू देणारी सिस्टीमची स्क्रीन) उघडा. आयओएसचा कॉन्टॅक्ट पिकर आयओएस ९ पासून आहे आणि त्याला परवानगी लागतच नाही, युजर निवडेल तेवढंच अ‍ॅपला मिळतं.

खिडकीजवळ
पिकर पिकर सगळे म्हणतात पण तो सगळीकडे चालत नाही राव. मी डायलर आणि नको असलेले कॉल अडवणाऱ्या अ‍ॅपवर काम करतो, फोन वाजायच्या आत नंबरवरून नाव काढायचं असतं, तिथे युजरला काय पिकर दाखवणार? ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांची फोनबुकं बनवणारे लोक आहेत, बॅकअपवाले आहेत, यांचं काम यादी हेच आहे.

शिवाय अँड्रॉइडवर पिकरचंही नीट समजून घ्यावं लागतं. पिक इंटेंटने (सिस्टीमला 'निवडू दे' अशी विनंती करून) अख्खा कॉन्टॅक्ट निवडला तर परवानगीशिवाय नाव, स्टार आहे का अशी मोजकीच माहिती वाचता येते, नंबर वाचायला गेलात की परवानगी लागतेच. नंबर हवा असेल तर इंटेंटमध्ये फोनचाच टाइप द्यायचा, मग युजर नंबर निवडतो आणि तेवढी ओळ परवानगी नसतानाही वाचता येते. हे न कळल्यामुळे किती जण पिकर पण वापरतात आणि वर पूर्ण परवानगी पण मागतात, स्वतः पाहिलंय.

शून्यापासून
मूळ लेखात आयओएस १८ चा उल्लेख एका ओळीत उरकलाय, पण या सगळ्यात धोकादायक तोच आहे, कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

परवानगीचं स्टेटस 'ऑथराइज्ड' आहे का एवढंच बघणारा कोड असेल तर 'लिमिटेड' (निवडक कॉन्टॅक्ट्सपुरती परवानगी) आलं की तो नाकारलं असं समजतो आणि सेटिंग्जमध्ये जा म्हणून सांगतो, युजरने तर नुकतीच परवानगी दिलेली असते. हे दिसतं तरी, तक्रार येते, सुधारता येतं.

न दिसणारं असं. लिमिटेड असताना स्टोअरला (फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सच्या साठ्याला) सगळे कॉन्टॅक्ट्स मागितले की एरर येत नाही, निवडलेलेच येतात. समजा काल आठशे होते आणि आज युजरने सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त बारा निवडले. सिंकचा कोड बघतो, सर्व्हरवर आठशे आणि फोनवर बारा, म्हणजे सातशे अठ्ठ्याऐंशी डिलीट झाले, आणि सर्व्हरवरून उडवून टाकतो. युजरने त्यांना जोडलेली सगळी टिपणंही गेली. कुठेही क्रॅश नाही, लॉगमध्ये सगळं हिरवं.

निळीशाई
हे मला वाटतं माझ्याच बाजूचं उदाहरण आहे! कॉल तोच, नाव तेच, उत्तराचा अर्थ बदलला. कॉल काढून टाकला असता तर निदान बिल्ड तरी फुटला असता, म्हणजे अ‍ॅप बनवतानाच चूक दिसली असती.

शून्यापासून
तुमचं इतकं बरोबर आहे की अर्थ गुपचूप बदलणं हे कॉल बंद करण्यापेक्षा वाईट. पण 'यादीत नाही म्हणजे डिलीट झालं' हे गृहीतक आधीपासूनच कच्चं होतं. डिलीट झाल्याचा पुरावा वेगळा मिळतो आणि तोच धरायचा. अँड्रॉइडवर ४.३ पासून डिलीटेड कॉन्टॅक्ट्सचं वेगळं टेबल आहे, नोंदी तीस दिवस राहतात. पीपल एपीआयमध्ये सिंक टोकन (मागच्या सिंकची खूण) देऊन विचारलं की काढलेली माणसं 'डिलीटेड' असा शिक्का मारून येतात, टोकन सात दिवसांत संपतं, संपलं की पूर्ण सिंक परत करायचा.

आणि लिमिटेड असेल तेव्हा आमच्या नियमाप्रमाणे सिंक फक्त वाढवतो किंवा बदलतो, काढत काहीच नाही. सर्चमध्ये माणूस सापडला नाही तर कॉन्टॅक्ट अ‍ॅक्सेस बटण दाखवायचं, आयओएस १८ मध्येच आलंय, युजर नाव टाइप करतो, जुळणारा पण अजून न दिलेला कॉन्टॅक्ट त्या बटणावर दिसतो, एका टॅपमध्ये तेवढा एक अ‍ॅपला मिळतो.

तिसरा_कंस
+१. डिलीटचा निर्णय पूर्ण परवानगी नसताना घ्यायचाच नाही.

निळीशाई
काढणं बंद करण्याचं पटलं, या रिलीजमध्ये तेच घालतोय. पण माझी मागणी तशीच आहे. प्लॅटफॉर्मने कॉल तोच ठेवून उत्तराचा अर्थ बदलू नये, अपुरी यादी द्यायची असेल तर त्या उत्तरातच लिहून यावं की ही अपुरी आहे, आम्हाला स्टेटस वेगळं विचारायला लावू नये. @खिडकीजवळ तुमच्या डायलरमध्ये परवानगी मधेच काढून घेतली तर साठवलेल्या नावांचं काय करता? ठेवता की पुसता?

खिडकीजवळ
पुसतो. लगेच. परवानगी काढली म्हणजे ती नावं ठेवायचा हक्कही गेला, यात माझं तिसरा_कंस यांच्याशी जमतं. पण सर्व्हरवर आम्ही नावं पाठवतच नाही त्यामुळे आम्हाला सोपं आहे, तुम्ही पाठवता, तुमच्याकडे त्यावर युजरची स्वतःची टिपणं पण आहेत, ती त्याचीच आहेत. ती पुसायच्या आधी त्याला एकदा विचारा.