पीडीएफमधील मराठी मजकूर ईपबमध्ये आणताना बिघडतो

प्रश्न
माझ्या आत्याच्या ललित लेखांच्या दोन पीडीएफ फायली माझ्याकडे आहेत. जुनी डीटीपी केंद्रात पेजमेकरवर जुळवलेली आहे, तर नवी वर्डमध्ये टंकलेली. तिला किंडलवर आणि मला कोबोवर (ही दोन्ही ई-पुस्तके वाचण्याची उपकरणे) वाचता यावे म्हणून दोन्ही कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमधून ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात रूपांतरित केल्या. पहिलीत निव्वळ रोमन अक्षरे आणि चिन्हे येतात. दुसरीत मराठी उमटते, परंतु ‘किती’ऐवजी ‘िकती’ असे दिसते, ओळी मध्येच तुटतात आणि पृष्ठक्रमांक वाक्यांत घुसतात. रूपांतराची कोणती सेटिंग बदलावी?

प्रतिसाद १
पहिल्या फाइलीत बिघाड मूळ मजकुरातच असल्यामुळे कोणत्याही सेटिंगने ती सुधारणार नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई-जे-के-बी-एच असा साठवला जातो, आणि फाँट निघून गेला की तेवढेच हाती उरते. पीडीएफच्या गुणधर्मांत फाँटचे नाव पाहून त्याच फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरावा, कारण श्रीलिपी या दुसऱ्या फाँटच्या मजकुरावर कृतिदेवचा परिवर्तक चालवल्यास फक्त कचऱ्याचा प्रकार बदलतो. परिवर्तक न मिळाल्यास पानांच्या प्रतिमांवर टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचे मराठी ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) चालवता येते. मात्र नंतर मुद्रितशोधन चुकत नाही.

प्रतिसाद २
नव्या पीडीएफवर मेहनत घेण्याआधी आत्याबाईंकडे मूळ वर्ड फाइल आहे का, ते विचारा. कॅलिबर वर्डची डॉक्स फाइल थेट घेते, त्यामुळे वेलांटी, तुटक्या ओळी आणि पृष्ठक्रमांक ही तिन्ही दुखणी एकदमच टळतात. पीडीएफमध्ये अक्षरे पानावर दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असू शकतात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. ती शोधा-बदला वापरून सरसकट पुढे सरकवू नका. जिथे ती आधीच योग्य जागी आहे, तिथले शब्दही त्या तडाख्यात बिघडतील.

आणखी एक सावधगिरी: ‘अदृश्य चिन्हे काढा’ असा सल्ला इंग्रजी मजकुरासाठी ठीक असेल, पण मराठीत शून्य-रुंदी जोडक (अक्षरांची जोडणी ठरवणारे न दिसणारे चिन्ह) काही ठिकाणी आवश्यक असतो. ‘दर्‍या’ हा शब्द त्याच्या आधाराने टंकलेला असेल, तर तो काढताच डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो.

प्रश्नकर्ता
मूळ वर्ड फाइल आत्याच्या पेनड्राइव्हवर सापडली, आणि तिचे ईपब स्वच्छ झाले. कोबोवर मात्र अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

प्रतिसाद १
म्हणजे तिथे देवनागरी फाँट लागू होत नाही. रूपांतर करताना कॅलिबरच्या फाँट विभागात नोटो सेरिफ देवनागरी अंतर्भूत करा आणि कोबोवर ‘प्रकाशकाचा फाँट’ निवडा. किंडलला ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या सेवेने ईपबच पाठवता येते; यूएसबीने टाकायचे असल्यास किंडलच्या एझेडडब्ल्यू३ स्वरूपात करून घ्यावे लागेल.